पीळ कुठून येतो

सर्दी-शिंकांवर मेडिकलमधून आपण जी गोळी आणतो ती बऱ्याचदा सेट्रिझिन असते, नाहीतर लेव्होसेट्रिझिन. मोठ्यांसाठी सेट्रिझिनची नेहमीची गोळी १० मिलिग्रॅमची आणि लेव्होसेट्रिझिनची ५ मिलिग्रॅमची. दोन्हींचं रासायनिक सूत्र एकच. कार्बन तेवढेच, हायड्रोजन तेवढेच, रेणूचं वजनही दशांशापर्यंत सारखं. तरी या दोन वेगळ्या गोळ्या आहेत.

मला हे माहीत असायचं काही कारण नव्हतं. बारावीनंतर रसायनशास्त्राशी माझा संबंध संपला होता. पुढे इंजिनिअरिंग झालं आणि नोकरी लागली ती कोड लिहायची. दोन वर्षांपूर्वी आमच्या टीमकडे औषधांच्या एका घाऊक वितरकाचं काम आलं. त्यांच्या जुन्या सिस्टीममध्ये एकच औषध पाच-पाच नावांनी नोंदलेलं होतं आणि ते एकत्र करायचं होतं. नियम आधीच ठरून आला होता : सूत्र सारखं आणि रेणूचं वजन सारखं, तर नोंदी एकच समजा. टेस्टिंगमध्ये नियम छान चालला. मग त्यांच्याकडच्या फार्मासिस्ट बाईंनी निकालाची यादी वाचली आणि फोन केला. ‘सेट्रिझिन आणि लेव्होसेट्रिझिन तुम्ही एक केलेत. ऑफ्लोक्सासिन आणि लेव्होफ्लोक्सासिनही. यातलं एक दुसऱ्याच्या जागी गेलं तर डोस दुप्पट नाहीतर निम्मा होईल.’

फरक कुठे लपलाय ते शोधायचं काम माझ्याकडे आलं. रेणूचं चित्र एका ओळीच्या मजकुरात लिहायची एक पद्धत आहे, ‘स्माइल्स’ नावाची. डेव्हिड वेनिंगर यांनी ती १९८०च्या दशकात तयार केली. तिच्यात इमेलच्या पत्त्यातलं ‘अ‍ॅट’चं चिन्ह येतं. अलीकडच्या अणूकडून पाहिलं तर पुढचे अणू घड्याळाच्या उलट दिशेने येतात, असं सांगायला एक अ‍ॅट आणि घड्याळाच्या दिशेने येतात, असं सांगायला दोन. जुन्या डेटामधून नव्या डेटामध्ये येताना कुणीतरी ‘नको ती चिन्हं’ म्हणून अ‍ॅट गाळले होते. ते गाळले की डावा रेणू आणि उजवा रेणू यांत काही फरकच उरत नाही.

डावा आणि उजवा म्हणजे काय, हे मला पडद्यावर कळलं नाही. ते मला आत्याने दाखवलं, आणि तिला रसायनशास्त्र म्हणजे काय ते ठाऊक नाही.

आमचं घर राहनाळला, भिवंडीत. आता अंजूरफाट्याच्या आसपास जिकडे पाहावं तिकडे गोदामं आणि कंटेनर दिसतात, पण आमच्या घरात पोट भरलं ते मागांवर. बाबा पॉवरलूमवर होते आणि आत्या घरी कांड्या भरायची. धोट्यात बसते ती कांडी. वीस-बावीस वर्षं तिच्या बोटांमधून सूत गेलं. मी तिला ‘डावं-उजवं’ समजावायला लागलो, तेव्हा तिने सुताचा एक तुकडा तोडून माझ्या हातात दिला. अंगठा आणि बोटात धरून फिरव म्हणाली. एका बाजूला फिरवलं की पीळ घट्ट होतो, दुसऱ्या बाजूला फिरवलं की सुटतो. ‘आता धागा उलटा धर. वरचं टोक खाली घे.’ मी धरला. पीळ तसाच होता, ज्या बाजूला घट्ट होत होता त्याच बाजूला घट्ट होत होता.

सुताच्या धंद्यात या दोन पिळांना इंग्रजी एस आणि झेड या अक्षरांची नावं आहेत. धागा उभा धरला की पिळाची तिरकी रेघ ज्या अक्षराच्या मधल्या रेघेसारखी दिसते, ते त्याचं नाव. एस पिळाचा धागा कसाही फिरवा, उलटा करा, तो झेडचा होत नाही. फक्त आरशात होतो. रसायनशास्त्रात कायरल म्हणतात ते नेमकं हेच. शब्द ग्रीक भाषेतल्या हातावरून आला आहे, आणि डावा हात कितीही वळवला तरी उजवा होत नाही. एका कार्बनला चार वेगवेगळे गट जोडलेले असले, की ते दोन तऱ्हांनी मांडता येतात आणि त्या दोन तऱ्हा एकमेकींची आरशातली रूपं असतात.

आता खरी अडचण. देवळाबाहेर अंधारात चपलांचा ढीग आहे आणि तुम्हाला डाव्या वेगळ्या, उजव्या वेगळ्या करायच्या आहेत, असं समजा. वजन करून उपयोग नाही, सारखंच भरेल. पाण्यात टाकून उपयोग नाही, दोन्ही सारख्याच तरंगतील. डावी चप्पल ओळखायला पाय लागतो, म्हणजे स्वतः डावं किंवा उजवं असलेलं काहीतरी लागतं. आरशातल्या दोन रेणूंचा वितळणबिंदू एकच, उत्कलनबिंदू एकच, पाण्यात विरघळणंही तेवढंच. साध्या, दिशा नसलेल्या रसायनांनी रेणू बनवायला घेतला, तर निम्मे डावे आणि निम्मे उजवे तयार होतात. बहुतेक वेळा रेणूचा जो भाग सपाट असतो त्यावर नवा गट येऊन बसायचा असतो. तो वरून आला तर एक हात तयार होतो, खालून आला तर दुसरा. दोन्ही वाटांना ऊर्जा सारखीच लागते, त्यामुळे वरून येण्याचं काही खास कारण नसतं. तापमान बदला, ढवळायचा वेग बदला, पन्नास-पन्नासच मिळणार.

शरीर मात्र पन्नास-पन्नास नाही. आपली प्रथिनं एकाच हाताच्या अमिनो आम्लांची बनलेली आहेत, म्हणजे शरीर हा एक पाय आहे आणि त्याला चप्पल बरोबर कळते. हे नाकालासुद्धा कळतं. बाळंतशेपाच्या वासात कार्व्होन नावाचा रेणू असतो, आणि च्युइंगगममधल्या स्पिअरमिंट पुदिन्याच्या वासातही कार्व्होनच असतो, पण आरशातला. सूत्र एक आणि वास दोन, म्हणजे फरक ओळखणारी जागा नाकातच आहे.

हे सगळं माझ्यासाठी कामाच्या पलीकडे गेलं ते गेल्या वर्षी. आत्याचा खोकला जात नव्हता, वजन ३८ किलोवर आलं होतं. थुंकीच्या तपासणीत टीबी निघाला. सरकारी कार्यक्रमातून गोळ्या सुरू झाल्या. पहिले दोन महिने चार औषधांची एकत्र गोळी, नंतर चार महिने तीन औषधांची. ३५ ते ४९ किलो वजनाच्या माणसाला रोज ३ गोळ्या. मी सवयीने पाकिटावरची बारीक अक्षरं वाचली : आयसोनियाझिड, रिफाम्पिसिन, पायराझिनामाइड, इथॅम्ब्युटॉल. शेवटचं नाव सिस्टीममध्ये शोधलं, तर स्माइल्सच्या ओळीत अ‍ॅटची चिन्हं दोन जागी होती.

इथॅम्ब्युटॉल अमेरिकेतल्या लेडरली प्रयोगशाळेत १९६१मध्ये सापडलं. त्याची रचना सोपी आहे. अमिनोब्युटॅनॉल नावाच्या छोट्या रेणूचे दोन तुकडे घ्यायचे आणि मध्ये दोन कार्बनचा सांधा द्यायचा. प्रत्येक तुकडा डावा किंवा उजवा असू शकतो. रसायनशास्त्रात या दोन हातांना एस आणि आर म्हणतात. या एसचा सुताच्या एसशी काही संबंध नाही. टीबीच्या जंतूवर जोरात चालतं ते दोन्ही तुकडे एस असलेलं रूप. दोन्ही आर असलेलं जवळजवळ निकामी आहे आणि एक-एक असलेलं फारच दुबळं. आता दोन नाणी उडवा. दोन्ही छापे यायची शक्यता चारात एक. म्हणजे मिश्र अमिनोब्युटॅनॉल घेऊन कारखान्याने आंधळेपणाने सांधे जोडले, तर तयार मालातला फक्त पाव भाग औषध असेल. आत्याच्या ३ गोळ्यांत मिळून ८२५ मिलिग्रॅम इथॅम्ब्युटॉल असतं. मिश्र मालातून तेवढं औषध द्यायचं तर तिला ३,३०० मिलिग्रॅम घ्यावं लागलं असतं, आणि त्यातला तीन चतुर्थांश भाग तिच्या यकृताने आणि मूत्रपिंडाने नुसता वाहून टाकायचा.

इथे एक गोष्ट सांगायला हवी, कारण हा विषय निघाला की इंटरनेटवर एकच कथा सापडते : एक हात औषध, दुसरा हात विष, आणि उदाहरण थॅलिडोमाइडचं. जर्मनीत १९५७मध्ये बाजारात आलेल्या या गोळीमुळे हजारो बाळं हातापायांचं व्यंग घेऊन जन्मली आणि १९६१मध्ये ती मागे घेतली गेली. पण शरीरात थॅलिडोमाइडचे दोन्ही हात एकमेकांत बदलत राहतात. नुसता ‘चांगला’ हात दिला असता तरी बाळं वाचली नसती. इथॅम्ब्युटॉलचंही तसंच, शुद्ध एस-एस रूपही निर्धोक नाही. ते डोळ्याच्या नसेवर परिणाम करू शकतं. डोस आणि दिवस वाढतील तसा धोका वाढतो. अनेकदा पहिली खूण म्हणजे लाल आणि हिरवा रंग नीट वेगळे न दिसणं. वेळेत लक्षात येऊन औषध थांबवलं तर बऱ्याचदा नजर परत येते. डॉक्टरांनी आत्याला सांगितलं होतं, रंग फिके वाटले की लगेच ये. आमच्याकडे सुताचे जुने रंगीत कोन पडलेले होते. दर रविवारी मी ते तिच्यासमोर ठेवायचो आणि ती, मी लहान मूल असल्यासारखी, एकेक रंग मोठ्याने सांगायची.

मग कारखाने फक्त एस तुकडा कसा मिळवतात? जुना आणि अजूनही चालणारा मार्ग म्हणजे बनल्यावर निवडणं, आणि त्यात पाय म्हणून वापरलं जातं टार्टरिक आम्ल. चिंचेला आंबटपणा येतो तो याच आम्लाने. बाजारातलं बरंचसं टार्टरिक आम्ल मात्र वाइनच्या गाळातून येतं. झाडाने बनवलेलं टार्टरिक आम्ल एकाच हाताचं असतं. मिश्र अमिनोब्युटॅनॉलमध्ये ते घातलं की दोन क्षार तयार होतात : उजवा पाय उजव्या चपलेत, आणि उजवा पाय डाव्या चपलेत. हे दोन क्षार एकमेकांची आरशातली रूपं नाहीत, म्हणून त्यांचं विरघळणंही वेगळं. एक स्फटिक होऊन खाली बसतो, दुसरा द्रावणात राहतो. गाळून घेतलं की काम झालं. या सगळ्या शास्त्राची सुरुवातही याच आम्लाच्या क्षारांपासून झाली. १८४८मध्ये पंचवीस वर्षांच्या लुई पाश्चरने त्यांचे डावे-उजवे स्फटिक भिंगाखाली पाहून चिमट्याने वेगळे केले होते. मुंबईत १९६८मध्ये सुरू झालेली ल्युपिन कंपनी पुढे टीबीच्या औषधांसाठी जगभर ओळखली गेली, त्यांत इथॅम्ब्युटॉलही आहे.

पण निवडण्यात एक तोटा आहे : निम्मा माल आधीच चुकीचा बनलेला असतो. म्हणून रसायनशास्त्रज्ञांनी दुसरा प्रश्न विचारला. चुकीचा हात बनूच नये, असं करता येईल का?

त्याचं एक उत्तर म्हणजे कायरल ऑक्झिलरी. ऑक्झिलरी म्हणजे सहाय्यक, मदतनीस. मला ती समजली ती आमच्या गल्लीतल्या बांधकामामुळे. स्लॅब भरायच्या आधी सेंटरिंग लावतात, खाली टेकू आणि वर प्लेटा. ओल्या काँक्रीटला स्वतःचा आकार नसतो, तो सेंटरिंग देतं. काँक्रीट पक्कं झालं की सेंटरिंग काढतात आणि त्याच प्लेटा पुढच्या इमारतीला जातात. स्लॅबमध्ये त्यातलं काहीच राहत नाही, आकार तेवढा राहतो.

रसायनातही तीन पायऱ्या असतात. ज्या साध्या रेणूला दिशा नाही त्याला एक दिशा असलेला रेणू जोडायचा. मग हवी ती अभिक्रिया करायची. मग जोडलेला रेणू काढून घ्यायचा. अमेरिकन रसायनशास्त्रज्ञ ई. जे. कोरी यांनी १९७५मध्ये पुदिन्यातल्या मेंथॉलच्या जातकुळीतला असा एक मदतनीस वापरून दाखवला. सगळ्यात गाजला तो डेव्हिड एव्हान्स यांनी १९८१मध्ये मांडलेला. त्याची सुरुवात व्हॅलिनपासून होते. व्हॅलिन हे दुधात, डाळीत सापडणारं अमिनो आम्ल, निसर्गाने एकाच हाताचं बनवून ठेवलेलं. त्यापासून पाच अणूंचं एक कडं बनवतात आणि ते आपल्या रेणूला जोडतात. लिथियमचा अणू मध्ये येऊन दोन ऑक्सिजन पकडून ठेवतो, त्यामुळे जोडलेला रेणू गिरक्या घेऊ शकत नाही, एका स्थितीत जखडला जातो. कड्याच्या एका बाजूला तीन कार्बनचा एक फुगीर गट असतो, आणि तो सपाट भागाची एक बाजू झाकून टाकतो. आता नवा गट यायला एकच मोकळी बाजू उरली. चांगल्या उदाहरणांत शंभरातले नव्व्याण्णव रेणू हव्या त्या हाताचे होतात. उरलेला एखादा चुकला, तरी मदतनीस अजून चिकटलेला आहे. म्हणजे बरोबर आणि चूक ही आता आरशातली जोडी नाही, साध्या पद्धतीने वेगळी करता येते. शेवटी लिथियम हायड्रॉक्साइड आणि हायड्रोजन परॉक्साइडने सांधा तोडतात आणि कडं जसंच्या तसं परत मिळतं.

किंमत अर्थातच आहे. जितके रेणू हवेत तितकेच मदतनीस लागतात. जोडायची एक पायरी वाढते, काढायची एक वाढते. म्हणून पुढचा शोध उत्प्रेरकाचा होता, म्हणजे एकच मदतनीस हजारो रेणूंना दिशा देऊन मोकळा होईल असा. बॅरी शार्पलेस यांनी १९८०मध्ये मांडलेल्या अभिक्रियेत दिशा येते ती टार्टरिक आम्लाच्या एस्टरकडून. त्यांना २००१चं नोबेल नोयोरी आणि नोल्स यांच्यासोबत मिळालं. २०००मध्ये बेंजामिन लिस्ट आणि सहकाऱ्यांनी दाखवलं, की प्रोलिन नावाचं साधं अमिनो आम्लही हे काम करू शकतं. त्या वाटेला २०२१चं नोबेल मिळालं. आणि हे वाचताना मला पुणे सापडलं. पाषाणच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत ए. सुदलाई आणि त्यांचे सहकारी याच प्रोलिनवर काम करत होते, आणि २००६मध्ये त्यांनी प्रोलिन वापरून एस-एस इथॅम्ब्युटॉल बनवण्याची पद्धत प्रसिद्ध केली. आत्याच्या पाकिटातला रेणू, नोबेलच्या पंधरा वर्षं आधी, पुण्यात.

चिंच, पुदिना, डाळ. या सगळ्या वाचनात माझ्या डोक्यात एक गोष्ट बसली. दिशा कुणीही शून्यातून तयार करत नाही. आधीच दिशा असलेल्या कशाकडून तरी ती उसनी घ्यावी लागते. पाश्चरनेही ती उसनीच घेतली, डोळ्यांनी डावं-उजवं ओळखणारा माणूस मधे होता म्हणून.

हे एका मित्राला सांगितलं तर तो लगेच म्हणाला, ‘म्हणजे आईबाप, शिक्षक हे आपले ऑक्झिलरी.’ ऐकायला बरं वाटतं. माझी इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाची फी आत्याने कांड्यांच्या पैशांतून भरली होती, तेव्हा उदाहरण माझ्या घरातच तयार आहे. पण मला ते पटत नाही. ऑक्झिलरी परत मिळते. जितकी घातली जवळजवळ तितकी, वितळणबिंदूही न बदललेला. बाटलीत भरून ठेवा आणि पुढच्या वेळी वापरा. सेंटरिंगच्या प्लेटाही परत जातात. आत्या तशी परत मिळालेली नाही. ती ३८ किलोवर आली होती, तिच्या बोटांची पेरं सुताने कापून गेलेली आहेत, आणि बावीस वर्षं तिने जे सूत गुंडाळलं त्याचं कापड ती कधी नेसली की नाही, हेही कुणी सांगू शकणार नाही. माणसाला मदतनीस म्हणायला हरकत नाही. पण ‘काम झालं, काढून घेतलं, मागे काही राहिलं नाही’ हे वाक्य रेणूबद्दलच लिहावं.

सहा महिने झाले. थुंकी स्वच्छ आली, वजन ४४ किलो. शेवटच्या रविवारी कोन मांडले, तिने सगळे रंग बरोबर सांगितले आणि वर मला सुनावलं, ‘हा हिरवा नाय, मोरपंखी.’ मग मी तिला गोळीची गोष्ट सांगितली. अर्धं डावं, अर्धं उजवं, चिंचेतलं आम्ल, निवडणं. तिने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, ‘मंग नको असलेलं अर्धं कुठं जातं?’

मी सांगितलं, की काही रेणूंच्या बाबतीत ते पुन्हा मिश्र करून परत वापरतात. जिथे ते जमत नाही किंवा परवडत नाही, तिथे तो कचराच. त्यासाठी लागलेलं द्रावक वाया, वीज वाया, आणि सांडपाणी कुठेतरी सोडावंच लागतं. म्हणून तर पहिल्यापासून एकच हात बनवायची एवढी धडपड.

ती हसली. ‘उलटा पीळ पडला की आम्ही पण सूत टाकूनच द्यायचो. पैसे मुकादम कापायचा.’

आणि तिने कोन उचलून परत पिशवीत भरले.